दोनशे चौदा जबडे

शाळेतल्या दंतआरोग्याचं काम चित्रकलेच्या सरांकडे आलं, ते पत्रकावर जबड्याचं चित्र छापलेलं होतं एवढ्याच कारणानं. मुख्याध्यापिकाबाईंनी आरोग्य कार्यालयाकडून आलेलं पाकीट फोडलं, वरच्या आणि खालच्या दातांच्या दोन कमानी पाहिल्या आणि कागद सरळ सरांच्या पुढ्यात सरकवला. "चित्राचं आहे. तुमचंच," त्या म्हणाल्या. शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी आणखी सात जण होते आणि सातही जणांना एकाएकी वह्या तपासायचं सुचलं. शास्त्राच्या बाईंनी तर शरीररचना हा आपलाच विषय आहे ही गोष्ट इतकी वर्षं मिरवून त्या दिवशी पहिल्यांदा लपवली.

सरांनी काम घेतलं, आणि खरं सांगायचं तर मनातून खुशीनं घेतलं. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत किती मान असतो ते चित्रकलेच्या शिक्षकालाच ठाऊक. परीक्षा जवळ आली की पहिला कापला जातो तो त्याचा तास. एरवी फलकावर पाहुण्यांची नावं रंगवायची, प्रमाणपत्रांवर मुलांची नावं घालायची आणि नाटकाच्या पडद्यावर दर वर्षी तेच झाड काढायचं. या पत्रकाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत छापलं होतं, 'नोंदी सुबक असाव्यात.' कार्यालयाच्या कागदावर सुबक हा शब्द सरांनी बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच पाहिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पत्रक घडी न घालता घरी नेलं.

तपासणीच्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई कपाळाला दिवा बांधून सभागृहात बसल्या. पहिली ते पाचवी मिळून दोनशे चौदा मुलं रांगेनं उभी. सुरुवातीला बाईंनी सगळ्यांना विचारलं, "रात्री झोपताना कोण कोण दात घासतं?" सगळ्यांचे हात वर गेले. दोघांनी दोन्ही हात वर केले. सरांचाही हात गेला, आणि मुलांदेखत खाली घेणं बरं दिसेना म्हणून तसाच राहिला. पहिलीतल्या एकानं 'तुझा ब्रश कोणता?' या प्रश्नाला 'घरात एकच आहे' असं शांतपणे उत्तर दिलं. बाईंनी त्याच्याकडे आणि मग सरांकडे पाहिलं, जणू तो ब्रश सरांनीच घेऊन दिला होता.

कामाची पद्धत अशी ठरली, की बाईंनी तोंडात बघून सांगायचं, "खाली, डावीकडे, सहावा, किडलेला," आणि सरांनी शेजारी बसून ते शब्दांत वहीत उतरवायचं. पत्रकं तिथल्या तिथे भरली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण घाईत भरलेल्या पत्रकात सुबकपणा कुठून येणार? ती घरी, टेबलावर, शाईनं भरायची असं सरांनी मनाशी पक्कं केलं होतं.

एकशे तिसावा नंबर दुसरीतल्या एका मुलीचा होता. तिला वर्गात खार म्हणत, कारण तिचा डावा गाल कायम आत काहीतरी साठवल्यासारखा फुगलेला असे आणि ती त्यावर तळहात ठेवून बसे. चित्रकलेच्या तासालाही ती एका हातानं चित्र काढी आणि दुसऱ्या हातानं गाल धरी. तिचं तोंड उघडल्यावर डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ आणून खालचा, डावीकडचा सहावा दात दोनदा तपासला.

"हा दुधाचा नाही," त्या सरांना म्हणाल्या. "कायमचा आहे. सहाव्या-सातव्या वर्षी सगळ्यांच्या मागून गुपचूप येतो आणि घरच्यांना वाटतं, हाही पडेल. दोन महिन्यांत भरला तर जन्मभर टिकेल. नाही तर काढावा लागेल. उपचाराची गाडी येते ना, तिच्या यादीत हिचं नाव जाऊ द्या."

"काढला तर दुसरा येतो?" खारीनं विचारलं.

"हा नाही येत गं."

खारीनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मी बघतो." मोठी माणसं हे दोन शब्द दिवसातून दहा वेळा बोलतात आणि विसरून जातात. सात वर्षांच्या मुलीला ते विसरायची सवय नसते. त्या दिवसापासून दर चित्रकलेच्या तासाला ती एकच प्रश्न विचारी, "सर, गाडी कधी येणार?"

संध्याकाळी सरांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, शाईच्या बाटल्या मांडल्या, आईला आणि बायकोला स्वयंपाकघरात जेवायला सांगितलं आणि पहिलं पत्रक ओढलं. आणि तिथेच त्यांची बोटं थांबली. चित्राच्या डाव्या कडेला छापलं होतं 'उजवी' आणि उजव्या कडेला छापलं होतं 'डावी'.

सरांनी पत्रक उलटं धरून पाहिलं, दिव्यासमोर धरून पाहिलं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. दोनशे चौदा पत्रकांवर तीच चूक. आपल्या ऑफिसांमध्ये डाव्या-उजव्याचीसुद्धा शुद्ध राहिलेली नाही, या विचारानं त्यांना वाईट वाटलं. आणि ही चूक नेमकी आपल्या नजरेस पडली, या विचारानं थोडं बरंही वाटलं.

"अहो, एकदा फोन करून विचारा ना त्यांना," बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? हा माझा डावा हात. हा कागद. ही कागदाची डावी बाजू. तिथे लिहिलंय उजवी. आता मी काय विचारू?"

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून ते शेजारच्या काकांकडे गेले. काका छापखान्यातून निवृत्त झाले होते. अडतीस वर्षं त्यांनी खिळे जुळवले होते, आणि खिळ्यांवरची अक्षरं उलटी असल्यामुळे त्यांना आजही उलटं लिहिलेलं जास्त सराईतपणे वाचता येई. वर्तमानपत्र ते आरशात धरून वाचतात अशी वदंता होती, पण ती खोटी होती. एवढ्या अधिकारी माणसानं पत्रक हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला.

"ठोकळा उलटा पडलाय. नवशिकं पोर असणार कुणीतरी. मी असतो तर हे बाहेर पडू दिलं नसतं."

जगात एवढे व्यवसाय असताना सरांनी सल्ला विचारायला शोधला तो अडतीस वर्षं सगळं उलटं पाहिलेला माणूस. पण त्या संध्याकाळी हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. दोन जाणकारांचं एकमत झालं होतं.

मग घरात कारखाना सुरू झाला. दोनशे चौदा पत्रकं, प्रत्येकी दोन चिठ्ठ्या, म्हणजे चारशे अठ्ठावीस चिठ्ठ्या. आईनं कात्रीनं पांढरा कागद कापला, सरांनी टाकानं एकदा 'डावी' एकदा 'उजवी' असं लिहिलं, बायकोनं खळ लावून छापील शब्दांवर चिकटवलं. मग सरांनी वहीतून एकेक दात उचलून पत्रकावर ठेवला. चांगला दात मोकळा, किडलेला काळा, पडलेला ठिपक्यांचा. काळा रंगसुद्धा नुसता फासला नाही, दाढेच्या खाचा दिसतील असा भरला. वरच्या मजल्यावरच्या काकू साखर मागायला आल्या आणि टेबलावर मांडलेले जबडे बघून साखर न घेताच गेल्या. नऊ संध्याकाळी हे चाललं. त्या नऊ दिवसांत टेबलावर कुणीही जेवलं नाही.

तीन आठवड्यांनी कार्यालयातून पत्र आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते परिपाठाला वाचून दाखवलं. आपल्या शाळेची पत्रकं सर्वांत सुबक ठरली असून त्यांतलं एक नमुना म्हणून कार्यालयाच्या फलकावर लावण्यात आलं आहे, आणि नोंदकर्त्या शिक्षकांचा वार्षिक समारंभात सत्कार करण्याचं योजलं आहे. सातही वह्यातपासे सरांचं अभिनंदन करायला आले. शास्त्राच्या बाई म्हणाल्या, "मला ते काम देणार होते, पण म्हटलं तुम्हालाच मिळू दे." सर आठवडाभर थोडे ताठ चालत होते. माणसाला बावीस वर्षांनी एखादी गोष्ट मिळाली की ती अंगावर थोडे दिवस दिसणारच.

त्यानंतर यादी आली. उपचाराची गाडी पुढच्या गुरुवारी, म्हणजे नऊ दिवसांनी, शाळेच्या मैदानात उभी राहणार होती. एकसष्ट मुलांचे दात मंजूर झाले होते, आणि प्रत्येक नावापुढे मंजूर दात लिहिला होता. सर खारीचं नाव शोधत खाली आले. समोर लिहिलं होतं, 'खालचा, उजवीकडचा, सहावा.'

ती मुलगी गेले दोन महिने डावा गाल धरून बसत होती. सरांनी वही काढून ताडून पाहिलं. एकसष्टांपैकी सत्तावन्न मुलांच्या दातांची बाजू बदलली होती. उरलेल्या चौघांचे दोन्हीकडचे तेच दात किडलेले होते, म्हणून त्यांचं नशिबानं बरोबर होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून सर कार्यालयात निघाले ते दुसऱ्याची चूक पोटात घालायला निघालेल्या माणसाच्या चालीनं.

कार्यालयात नोंदणीच्या टेबलावर एक कारकूनबाई होत्या. त्यांच्या मागच्या फलकावर सरांचं पत्रक चार टाचण्यांनी लावलेलं होतं. सरांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"बाई, चुका माणसाकडूनच होतात," त्यांनी सुरुवात केली. "मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण तुमच्याकडे उजव्याचं डावं झालंय."

कारकूनबाईंनी सरांनी सांगितलेलं खारीचं पत्रक काढलं आणि त्यावर एक भोकाभोकांचा पुठ्ठा ठेवला. प्रत्येक भोकापाशी दाताचा नंबर होता. पुठ्ठ्यानं कडेचे शब्द पूर्ण झाकले जात. खालच्या ओळीतल्या एका भोकातून सरांची काळी दाढ दिसत होती, खाचांसकट. "हा बघा नंबर. उजवीकडचा सहावा. बरोबर आहे की."

"पुठ्ठा उचला आणि कडेला काय लिहिलंय ते वाचा."

बाईंनी पुठ्ठा उचलला. चिठ्ठी वाचली. नखानं हलकेच तिचा कोपरा उचलून खालचा शब्दही वाचला. "हे तुम्ही चिकटवलंत?"

"छपाईत चूक होती."

"सगळ्या पत्रकांवर?"

"चारशे अठ्ठावीस चिठ्ठ्या," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, मी तुमच्यासमोर बसलेय. माझा उजवा हात तुमच्या कुठल्या बाजूला आहे?"

सरांनी पाहिलं. तो डावीकडे होता.

"दात बघायचे तर मुलाच्या समोरच बसावं लागतं ना. कागदावर मूल आपल्याकडे तोंड करून बसलेलं आहे. म्हणून त्याचं उजवं कागदाच्या डावीकडे छापतात. सगळीकडे असंच छापतात."

बावीस वर्षं सर वर्गाला सांगत आले होते, जसं दिसतं तसंच काढा. पत्रकावर जसं दिसतं तसंच छापलेलं होतं, आणि सरांनी त्यावर चिठ्ठी लावली होती. माणसांचे चेहरे काढायला शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याच्या लक्षात येऊ नये अशी ही गोष्ट नव्हती. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाजूच्या टेबलावरचे दोघे जण काम थांबवून ऐकत होते, आणि तेवढ्यात शिपाई फलकाजवळ जाऊन नमुना जवळून बघू लागला.

"ठीक आहे," सर पाणी मागून, ते पिऊन म्हणाले. "गाडीत डॉक्टर तर असतील. तोंड उघडल्यावर त्यांना दिसेलच कुठला किडलाय."

"दिसेल. पण भरता येणार नाही. यादीत जो दात, तोच दात. मागे एका गाडीत मुलांच्या नावावर शिक्षकांनीच आपले दात भरून घेतले होते, तेव्हापासून नियम झाला. यादीतला दात चांगला निघाला तर 'उपचाराची गरज नाही' असा शेरा मारतात आणि मुलाचा नंबर पुढच्या वर्षी लागतो."

पुढच्या वर्षी. सरांच्या डोळ्यांपुढे तो तळहात आला, गालावर ठेवलेला. त्यांनी मोठ्या साहेबांना भेटायचं ठरवलं.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मंजूर यादी बदलण्याची एकच वाट आहे, असं त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. नोंदकर्ता त्या कामासाठी असमर्थ होता असं सिद्ध झालं तर त्याच्या नोंदी रद्द होऊन नव्या घेता येतात. त्यासाठी नोंदकर्त्यानं स्वतः लिहून द्यायचं, प्रत्येक मुलासाठी वेगळं. सोबत वैद्यकीय दाखला. आणि ते निवेदन शाळेच्या फलकावर तीन दिवस लावायचं, कुणाची हरकत असल्यास कळावी म्हणून. सगळं बुधवारपर्यंत यायला हवं.

"काय लिहून द्यायचं?"

"की तुम्हाला उजव्या-डाव्याचा बोध होत नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली. "सर, मी मोकळेपणानं बोलू का? तुम्ही गप्प राहिलात तर कुणाला कळणार नाही. तुमचं पत्रक सोमवारी बाकीच्या शाळांना नमुना म्हणून जायचंय, ते मी थांबवतो. सत्कार होऊन जाईल. मुलं काय, पुढच्या वर्षी घेऊच."

सर 'विचार करतो' म्हणून उठले. त्यांनी विचार केलाही. घरी जाईपर्यंत केला आणि जेवताना केला. बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा ती 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. तिनं नुसती भाजी वाढली, आणि तेच सरांना जास्त लागलं. शेजारच्या काकांना सांगितलं तर ते आधी चिडले. सगळं जग एका बाजूला आणि ते एका बाजूला उभे राहिले. तासाभरानं ते दारात आले आणि म्हणाले, "लिहून देताना माझंही नाव घाल. संगनमतानं म्हण." नियमांत संगनमताची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुसरीचा तास होता. खारीनं विचारलं, "सर, गाडी कधी येणार?"

"पुढच्या गुरुवारी."

"मग आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस मी इकडून खाते." आणि तिनं उजव्या गालावर बोट ठेवलं. तो गाल, ज्यातला चांगला, धडधाकट दात कार्यालयानं शिक्क्यानिशी मंजूर केला होता.

सरांना स्वतःची लाज वाटली. चूक झाल्याची वाटली त्याहून, रात्रभर विचार करावा लागला याची जास्त वाटली. मधल्या सुट्टीत ते मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि लिहून देणार असल्याचं सांगितलं.

बाईंना शाळेच्या नावाची काळजी. त्यांनी गाडीतली खुर्चीच उलटी फिरवता येईल का असं विचारून पाहिलं. त्यानं काय होईल हे त्यांनाही नीट सांगता येईना, तेव्हा त्यांनी हात टेकले. गणिताच्या सरांनी सुचवलं की सत्तावन्न मुलं अशी शोधावीत ज्यांचे विरुद्ध बाजूचे दात किडले आहेत, आणि नावांची अदलाबदल करावी. हिशेब म्हणून तो बिनचूक होता.

दाखल्यासाठी सर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "उजवा हात वर करा." सरांनी उजवा हात वर केला. "डावा." सरांनी डावा केला.

"तुम्हाला कळतंय की सगळं. मी खोटा दाखला कसा देऊ?"

सर अडचणीत आले. परीक्षेत मुद्दाम नापास व्हायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि पास होऊन चालणार नव्हतं. "डॉक्टर, स्वतःचं कळतं हो," ते काकुळतीनं म्हणाले. "समोरच्याचं चुकतं."

"असं? मग माझा उजवा कान दाखवा."

सरांनी बोट उचललं. आणि गेल्या दोन दिवसांत या एका गोष्टीचा इतका काथ्याकूट झाला होता, की बोट हवेतच राहिलं. समोरच्याचा उजवा म्हणजे आपल्या डावीकडे. पण आपल्या डावीकडे जो दिसतो तो कागदावर उजवीकडे. की कागद आपल्याकडे तोंड करून बसला आहे? त्यांच्या कपाळाला घाम आला. शेवटी त्यांनी धीर करून एक कान दाखवला. तो डावा होता. खोटेपणा कणभरही नव्हता. डॉक्टरांनी हळहळत दाखला लिहिला आणि झोप नीट लागते का असंही विचारलं.

शुक्रवारी सगळ्या मुलांसाठी मिळून एक निवेदन शाळेच्या फलकावर लागलं. त्याच फलकावर एरवी सर पाहुण्यांची नावं रंगवत. पालक मुलांना सोडायला येत, वाचत आणि आत येणाऱ्या सरांना वाट देण्यासाठी दोन्ही बाजूंना सरत, त्यांना कुठल्या बाजूनं जायचं ते कळणार नाही अशा समजुतीनं. शनिवारी कवायतीच्या सरांनी हरकत नोंदवली. भला माणूस. त्यांनी लिहिलं होतं, 'सदर शिक्षकांना मी पंधरा वर्षे ओळखतो. त्यांस उजवे-डावे उत्तम कळते. ही त्यांची बदनामी आहे.' आता हरकत आली म्हणजे सुनावणी आली, सुनावणी आली म्हणजे गुरुवार गेला. सरांनी कवायतीच्या सरांना घरी जाऊन गाठलं आणि मी खरोखर असमर्थ आहे हे पटवायला तास घेतला. कवायतीच्या सरांनी डोळे पुसले आणि हरकत मागे घेतली.

प्रत्येक मुलाची वेगळी निवेदनं लिहायला उरले सोमवार आणि मंगळवार. सरांनी ती वर्गातच लिहायला घेतली. पहिलं खारीचं लिहिलं. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो, की मला उजव्या-डाव्याचा बोध होत नसल्यामुळे या मुलीच्या दाताची नोंद चुकली आहे.' मग दुसरं, मग तिसरं. चौथीच्या वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलानं वाकून पाहिलं.

"सर, तुम्हाला शिक्षा झालीय?"

"हो."

"किती वेळा लिहायचं?"

"सत्तावन्न."

वर्ग चिडीचूप झाला. त्या वर्गात आजवर कुणालाही पंचवीसच्या वर गेलेली शिक्षा आठवत नव्हती. तास संपेपर्यंत कुणी बाक वाजवला नाही, आणि घंटा झाल्यावर एक जण येऊन म्हणाला, "सर, आम्ही थोडी लिहू का? अक्षर सारखं काढतो."

बुधवारी कारकूनबाईंनी गठ्ठा चाळला. "अक्षर फारच सुबक आहे," त्या चिंतेनं म्हणाल्या. "असमर्थ माणसाचं वाटत नाही. साहेबांना शंका यायची." मग सरांचा चेहरा बघून त्यांनी शिक्का उचलला आणि सत्तावन्न वेळा मारला. निघताना सरांनी पाहिलं, फलकावर आता फक्त चार टाचण्या होत्या.

गुरुवारी गाडी आली. पांढरी, लांबट, मागून पायऱ्या असलेली. खारीचा नंबर सकाळीच लागला. तिची आई शिवणाच्या दुकानातून तासाभराची सवड काढून आली होती. सर पायऱ्यांशी उभे राहिले. आतून यंत्राचा बारीक आवाज येत होता, आणि तो आवाज थांबला की सरांचा श्वासही थांबे. बऱ्याच वेळानं डॉक्टर दारात आले. "वाचला," ते म्हणाले. "आणखी महिना गेला असता तर मी काही करू शकलो नसतो." खारीच्या आईनं तोंडाला पदर लावला. सरांनी पुढच्या मुलाला पायरी चढायला हात दिला.

खार मैदानाच्या कडेच्या बाकावर बसली. अर्धं तोंड बधिर होतं, बोलणं तोतरं येत होतं. तिनं सरांना हातानं जवळ बोलावलं आणि हळूच, वर्गातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाली, "सर, फळ्यावरचं मी वाचलं. तुम्हाला खरंच नाही कळत?"

सरांना सगळं समजावून सांगता आलं असतं. समोरचं मूल, कागद, छपाई. त्यांनी खारीच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही गं," ते म्हणाले.

"मी शिकवू?"

"शिकव."

ती बाकावरून उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं उजवा हात वर केला. "हा उजवा. करा." सरांनी समोर बघून हात वर केला, आणि तो डावा निघाला. तिनं मान हलवली. पुन्हा करून दाखवलं, पुन्हा तसंच झालं. ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली. मग तिला काहीतरी सुचलं.

"असं नाही जमणार," ती म्हणाली. ती वळली, सरांच्या शेजारी येऊन त्यांच्याच दिशेला तोंड करून उभी राहिली, आणि तिनं परत हात वर केला. "आता करा."

सरांनी हात वर केला. तिनं मान वर करून दोन्ही हात नीट पाहिले आणि बरोबर आहे म्हणाली.